तेजूसाठी सगळ्यांनी काय काय सोडलं

"डबा उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनीनं डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, भरलं वांगं, आमटी, भात, आणि तुपाची डबी वेगळी. सांगलीच्या त्या दवाखान्याच्या खोलीत इतका वेळ फिनेलचा वास भरून होता, त्यात वांग्यातल्या कुटाचा वास मिसळला आणि मला सपाटून भूक लागली. मी आहेच तशी. दुःखात माझी भूक मरत नाही, ही माझी ख्याती पार लांबच्या पाहुण्यांपर्यंत पोचलेली आहे.

टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. माझा थोरला भाऊ विलासदादा, जयसिंगपुरात खतं-बियाणांचं दुकान चालवणारा. तो कॉलरमध्ये बोट घालून सारखी मान मोकळी करत होता. त्याची बायको हेमलता, म्हणजे माझी वहिनी. त्यांची एकुलती एक तेजश्री, आमची तेजू, अकरावीतली. डॉक्टर सबनीस, वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा. आणि मी मालू, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून भावाकडे राहिलेली तेजूची आत्या.

तेजूचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. त्यानं टेबल हलत होतं आणि पेल्यांतलं पाणीही. त्या वर्षात ती कधी स्वस्थ बसलेली मी पाहिली नाही. अभ्यास उभ्यानं, टीव्ही उभ्यानं, आणि भर उन्हात गच्चीवर फेऱ्या. जेवण मात्र कमी कमी होत इतकं उरलं होतं, की चिमणीचंसुद्धा भागलं नसतं. खो-खोच्या संघातून तिला काढलं, कारण पळता पळता चक्कर येऊन पडली. केस गळले, पाळी थांबली, नाडी मंद झाली. अन्न कुठं कुठं दडवायची ते मी सांगत नाही. उगाच दुसऱ्या कुणाच्या डोक्यात नको.

आम्ही आधी तिला हट्टी म्हणालो, मग दृष्ट काढली, मग पोटाचे डॉक्टर केले. सबनीसबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, की हा आजार आहे, मनाचा आणि खाण्याचा, आणि यात पोरी दगावतात. दादानं लगेच कारण शोधायला घेतलं. मैदानावर कोण काय बोललं, मोबाईलवर ती काय बघते. डॉक्टरांनी हात वर केला. "कारण मागाहून शोधू. आधी मुलगी वाचवू. तिला आत्ता स्वतःचं खाणं सांभाळता येत नाही, म्हणून तो कारभार आई-वडिलांनी हातात घ्यायचा. काय, किती, कधी, ते तुम्ही ठरवायचं. रागवायचं नाही, गयावया करायची नाही, आणि तिच्यासोबत बसून खायचं."

आणि ते कसं करायचं हे बघण्यासाठी आज डबा घेऊन बोलावलं होतं. शनिवारी तेजूचं वजन व्हायचं होतं. काटा आणखी खाली गेला तर भरती करून नाकातून नळी घालायची, हेही सांगून झालं होतं. नळी हा शब्द ऐकल्यापासून वहिनीच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"सगळ्यांनी वाढून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "मी पण घेते."

"आमचं राहू द्या की," दादा म्हणाला. "तिला आधी होऊ दे."

"सगळ्यांनी, विलासराव."

दादानं भाकरीचा तुकडा घेतला. डॉक्टरांनी त्याच्याकडे भात सरकवला, तो त्यानं परत सरकवला. "भात सोडलाय मी."

"शुगर आहे?"

"छे. तेजूसाठी." दादा जरा लाजला. "चहा पण सोडलाय. पोरगी नीट जेवायला लागेपर्यंत."

डॉक्टर वहिनीकडे वळल्या. वहिनीसमोर ताट नव्हतंच. "मी एकवेळ करते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दिवेलागणीला तेवढं खाते, अळणी. देवीला शब्द दिलाय. तेजू पोटभर जेवेपर्यंत दिवसा अन्नाला शिवणार नाही म्हणून."

"हिच्या कराडच्या मावशीनं पण गोड सोडलंय," दादानं माहिती पुरवली.

डॉक्टरांनी शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"मी काही सोडलेलं नाही," मी म्हणाले आणि वांगं वाढून घेतलं.

पुढचा तासभर आठवला की मला अजून बसवत नाही. वहिनी म्हणाली, "माझ्यासाठी दोन घास खा गं बाळा." तेजूनं ताटाकडे पाहिलंही नाही. वहिनी म्हणाली, "एक घास. हा बघ, एवढासा." तेजूनं ताट दूर सारलं. दादा आधी लाडानं बोलला, मग दुकानातल्या गड्याशी बोलावं तसा बोलला, मग टेबलावर हात आपटून, "अगं मरशील की!" असं ओरडला आणि तोंड फिरवून खिडकीकडे गेला. डॉक्टर सांगत होत्या, "एकाच आवाजात सांगा, दोघं मिळून सांगा," पण दोघं मिळून म्हणजे कसं, ते आमच्या घरात कुणाला ठाऊक होतं? टेबल हलत राहिलं. आमटीवर साय धरली. मी एकटी चावत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत होता.

शेवटी डॉक्टरांनी पेन बंद केलं. "शुक्रवारी मी तुमच्या घरी येते. दुपारच्या जेवणाला. रोज जसं जेवता तसंच जेवा, माझ्यासाठी वेगळं काही करू नका."

आम्ही गाडीनं परत निघालो. उदगाव आल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, डॉक्टरीणबाई पहिल्यांदा घरी येणार. पुरण घालू का?"

गुरुवारी सकाळी शेजारच्या पाटीलकाकू आल्या. त्यांना काय हवं होतं कुणास ठाऊक, पण वहिनीला बघताच त्यांचे डोळे भरून आले. "किती वाळलीस गं हेमलता! लेकीसाठी काया झिजवतीयस. कोण करतंय आजकाल एवढं?" आणि बघता बघता त्या वाकल्या आणि वहिनीच्या पायाला हात लावून मोकळ्या झाल्या. वयानं त्या मोठ्या. वहिनी संकोचून मागं सरली, पण तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडा उजेड आलेला मी पाहिला. तेजू जिन्यात उभी होती. तिनंही पाहिलं, आणि पुन्हा गच्चीवर गेली.

काकू गेल्यावर मी वहिनीवर तोंड टाकलंच. "तुम्ही सगळ्यांनी चालवलंय काय? एका पोरीला जेवायला लावायचं म्हणून सगळं घर उपाशी! आग विझवायला रॉकेल घेऊन निघाल्यासारखं झालं हे."

"तुमचं बरंय, तुमचा विश्वास नाही," वहिनी म्हणाली.

"विश्वासाचा प्रश्न नाही."

"आहे. तेजूच्या आधी माझी दोन गेली, वन्सं. तुम्ही तेव्हा तुमच्या सासरी होता. मी वर्षभर भात सोडला तेव्हा ही पोटात राहिली. देवीनं दिलेली आहे ती. आता शब्द मोडला, आणि जिनं दिली तिनंच परत नेली, तर?"

वर गच्चीवर तेजूच्या फेऱ्या चालूच होत्या. वहिनी वर बघत पिठाचा डबा पुसत राहिली. तो डबा तिनं सकाळीच एकदा पुसला होता.

शुक्रवारी डॉक्टर आल्या त्या सुती साडी नेसून, हातात पिशवीभर पेरू घेऊन. पुरण घातलं नव्हतं, पण वहिनीनं वांगी भरली होती, आमटीला खमंग फोडणी दिली होती आणि शेंगदाण्याची चटणी नव्यानं कुटली होती. आमच्याकडे स्वयंपाकघरातच टेबल आहे. दादा बसला, तेजू बसली म्हणजे खुर्चीच्या टोकाला टेकली, डॉक्टर बसल्या. वहिनी गॅसजवळ उभी राहून भाकरी थापत होती आणि तव्यावरची एकेक गरम भाकरी मी टेबलावर नेऊन वाढत होते. रोजचंच.

"तुम्ही दोघी?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही बसतो की मागनं," वहिनी पाठमोरीच म्हणाली. "गरम गरम घ्या तुम्ही."

डॉक्टर जेवायच्या थांबल्या. तव्याकडे, टेबलाकडे, ओट्यावर पालथ्या घातलेल्या ताटाकडे असं त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. मग विचारलं, "या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?"

हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा विचारला. आता म्हणे प्रत्येक नव्या घराला त्या पहिल्याच भेटीत विचारतात.

"आई," तेजू म्हणाली.

"तू पाहिलंयस तिला जेवताना?"

"हो." तेजू थांबली. कपाळाला आठी पडली. "म्हणजे, ती चाखते. तळहातावर आमटीचा थेंब घेऊन. मीठ बघायला."

"बसून? ताट घेऊन?"

तेजूनं खूप वेळ विचार केला. लग्नकार्यांत आई वाढायला असायची. सहलीला आई डबे भरायची. घरी सगळं आवरेपर्यंत तेजू कधीच झोपलेली किंवा शाळेत गेलेली असायची. "नाही पाहिलं," ती शेवटी म्हणाली आणि तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"अगं जेवती की मी!" वहिनी गडबडीनं वळली. पीठ लागलेल्या हातानंच तिनं कपाळावरची बट मागं सारली. "आता हे व्रत आहे म्हणून, नाहीतर जेवती की. सगळं आवरलं की."

डॉक्टर म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुम्हाला 'तिच्यासोबत बसून खा' असं सांगितलं आणि मोकळी झाले. ज्या कुटुंबांच्या टेबलांवर मी हे काम शिकले, तिथं आई जेवायला बसलेलीच असायची. तुम्ही मुळात बसता का, हे मी विचारायला हवं होतं." मग त्या जरा अडखळल्या. "व्रत मोडा असं मी म्हणणार नाही. तो माझा प्रांत नाही. पण तेजूला रोज जेवणारी आई समोर दिसायला हवी, एवढं मला कळतंय. ते कसं करायचं, मला ठाऊक नाही."

डॉक्टरनं ठाऊक नाही म्हटल्यावर दादाचा धीर सुटला. "व्रत तिच्यासाठीच आहे की! सगळ्यांनी हिच्यासाठीच केलंय. हिला त्याचं काही आहे का बघा!"

तेजू उठली. मला वाटलं, गच्चीवर जाणार. पण ती खुर्चीची पाठ धरून तिथंच उभी राहिली.

"मी सांगितलं होतं का सोडायला?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही भात सोडला, चहा सोडला, मावशीनं गोड सोडलं. मी एक घास घेतला की मला वाटतं, हा तुमच्या कुणाच्यातरी तोंडातनं काढलेला आहे. कसा गिळू तो? आणि आई उपाशी राहिली की बायका येऊन तिच्या पाया पडतात. मी राहिले की मला दवाखान्यात नेता."

"तेजू!" दादा म्हणाला.

"खरं आहे ते! या घरात भूक फक्त आत्याला लागते, आणि तिला सगळे हसतात."

मी हातातली भाकरी टोपलीत ठेवली. वर्षानुवर्षं मीच स्वतःच्या खाण्यावर विनोद केले होते, पंगतीला हसवलं होतं. ते ऐकत एक लहान मुलगी वाढतेय, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मला फार लागलं ते.

तव्यावरची भाकरी करपली. वहिनीनं गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले, आणि कुणाकडे न बघता ती देवघरात गेली. तिची चाल मला बरी दिसेना म्हणून मी मागोमाग गेले.

ती देवीपुढे नुसती उभी होती. हात जोडलेले नव्हते. "आई," ती म्हणाली, "शब्द मी दिला होता, मी मोडते. काय करायचं ते मला कर. माझ्या पोरीच्या वाटेला जाऊ नकोस." एवढंच. मग माझी चाहूल लागून ती वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "वन्सं, मला भीती वाटतीय."

"मला पण," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू? मी देवाधर्माची फारशी नाही, तरीसुद्धा.

वहिनी परत आली आणि तेजूच्या समोरची खुर्ची ओढून बसली. त्या घरात तिला येऊन इतकी वर्षं झाली होती, तरी ती कुठल्या खुर्चीवर बसते हे ठरलेलं नव्हतं. "मला ताट वाढा," ती म्हणाली.

मी पुढं झाले. "तू पण बस," असं म्हणून दादानं माझ्या हातातला डाव घेतला. माझ्या भावानं जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. त्यानं आधी भात घातला, मग त्यावर भाकरी ठेवली, मग काढली. आमटी ताटाबाहेर गेली.

"भात किती वाढू?"

"वाढा. मी थांबा म्हणते."

दादा वाढत राहिला. वहिनी थांबा म्हणेना. शेवटी भाताचा ढीग बघून तोच बिचारा थांबला.

वहिनीनं पहिला घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ती तेजूकडे बघत राहिली. पोरीला आत्ता काही होतंय का, छातीत कळ येते का, खाली कोसळते का, हे ती बघत होती. आम्हीही बघत होतो. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तेजू खुर्ची धरून उभीच होती.

वहिनीनं घास गिळला.

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. शनिवारी काटा खाली गेला नव्हता आणि नळी टळली. पण म्हणून सगळं आलबेल झालं असं मुळीच नाही. त्यानंतर दीड-दोन वर्षं आमच्या त्या टेबलावर रोज लढाई असायची. ताटं आपटली, दारं आपटली, "मला तुम्ही सगळे नको आहात" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दादा सकाळचं दुकान उशिरा उघडायला लागला, कारण न्याहारीला तो समोर हवा. मी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी यायचे. डॉक्टरांनी मलाही कारभारात घेतलं होतं, जरी त्यांच्या पद्धतीत आत्यांसाठी जागा नव्हती. तेजू आज नाशकात नोकरी करते, आणि तिचं खाणंपिणं आता आमच्या बोलण्याचा विषयही होत नाही. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

दुसरा घास वहिनीनं घेतला तो देवीला घाबरत घेतला असेल. तिसऱ्या घासानंतर मात्र ती कुणालाच घाबरत नव्हती. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेलं माणूस जसं जेवेल तशी ती जेवायला लागली. भाकरीचे मोठाले तुकडे मोडले, वांगं देठासकट उचललं, आमटीभाताचा काला केला आणि ओंजळीएवढे घास घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, ते ती मनगटानं पुसत होती आणि जेवत होती. घास लागला तर पाणी प्यायची, आणि पुन्हा जेवायची. इतकी नीटनेटकी बाई, चार माणसांत ओठाला पदर लावून बोलणारी. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. दादानंही नाही. तो हातात डाव घेऊन उभा होता आणि रडत होता, आणि रडतोय हे त्याला कळत नव्हतं.

"अजून भात वाढा," वहिनी म्हणाली.

दादानं वाढला. डॉक्टर काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी मान खाली घालून स्वतःची भाकरी मोडायला घेतली होती. शहाण्या बाई.

तेजू हळूहळू खुर्चीत बसली. ती आईच्या हाताकडे बघत होती. हात ताटात जात होता, तोंडाशी येत होता, पुन्हा ताटात जात होता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी किळस म्हणणार नाही, आणि दयाही म्हणणार नाही. ती जणू ओळख पटवत होती.

"आई," ती म्हणाली, "तुला भूक लागते?"

वहिनीचा घास हातातच राहिला.

"लागती की गं," ती म्हणाली. "रोज लागती. पोटात नुसता खड्डा पडतोय. तुमच्या भाकरी भाजताना तोंडाला पाणी सुटतंय, मग तांब्याभर पाणी पिऊन घेती. देवापुढं बसले तरी माझ्या डोक्यात भातच असतोय. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नाही."

तेजूचा हात टेबलावर होता. त्या हाताची हाडं मोजता आली असती. तिनं तो उचलून तोंडावर धरला, आणि बोटांमधून जे काही आलं ते मला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"काय गं?" दादानं विचारलं.

"मला पण लागते," तेजू म्हणाली. "सारखी लागते, आई. मला वाटायचं, मला एकटीलाच अशी लागते. मला तिची लाज वाटते."

कुठल्याही आईनं त्या वेळी उठून पोरीला पोटाशी धरलं असतं. वहिनी उठली नाही. "खा गं बाळा" म्हणाली नाही, "माझ्यासाठी खा" म्हणाली नाही. तिनं दादाकडे पाहिलं, दादानं तिच्याकडे, आणि मग दादानं तेजूच्या ताटात भात वाढला. या खेपेला एक शीत बाहेर सांडलं नाही.

"जेवायचं आता," दादा म्हणाला. तो ओरडला नाही.

"मला नाही जमत, बाबा."

"आम्ही बसलोय की इथं," वहिनी म्हणाली. "मला अजून हवंय. मी काही उपाशी उठणार नाही, आणि तुला पण उठू देणार नाही."

तिनं तुपाची डबी जवळ ओढली, चमचा भरला, आणि आधी आपल्या भातावर सोडला. मग दुसरा चमचा भरून तेजूच्या भातावर धरला. तूप पाझरून भातात उतरायला लागलं. तेजूनं डोळे गच्च मिटून घेतले. तिच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं, पण तिनं ताट मागं ओढलं नाही.